दुसऱ्या कडव्याची परीक्षा

शाळेत अलंकार शिकवायची आपली रीत ठरलेली आहे. आधी व्याख्या, मग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एखादं उदाहरण, मग ‘अलंकार ओळखा’. मुलं यात चटकन तरबेज होतात. ओळीत ‘सम’, ‘परी’ दिसलं की उपमा, ‘जणू’, ‘गमे’ दिसलं की उत्प्रेक्षा. ओळ काय म्हणते हे न कळताही गुण मिळतात. परीक्षा साम्य दाखवणाऱ्या शब्दाची होते, साम्य बाजूलाच राहतं. ते मुलांना स्वतः शोधायला लावायचं असेल, तर त्यांच्याकडून गाणं लिहून घ्यावं, असं माझं मत आहे. आणि गाणंच हवं: चालीवर म्हणता येईल असं, ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी असलेलं.

गाण्याचा आग्रह ध्रुवपदासाठी. समजा, एका मुलाने लिहिलं, ‘बाबा माझे लाल एसटी’. निबंधात हे वाक्य एकदा येऊन गेलं असतं आणि बाईंनी खाली ‘छान’ लिहिलं असतं. गाण्यात मात्र ते पुन्हा पुन्हा येणार, आणि दर कडव्याला त्याच्याशी नातं सांगावं लागणार. मग या गाडीची घंटी कोण मारतं? घाटात इंजिन तापलं की पाणी कोण घालतं? मुक्कामाच्या गावी ती रात्रभर उभी असते, तेव्हा तिच्यात कोण असतं? पहिलं कडवं कोणालाही जमतं. उपमान टिकाऊ आहे की नाही, ते दुसऱ्यात कळतं. ‘आई सागरासारखी’ लिहिणारा तिथेच अडतो, कारण खारं पाणी आणि ओहोटी यांचं काय करायचं, हे त्याच्या मनातही आलेलं नसतं. समान धर्म कुठवर चालतो आणि कुठे संपतो, हे व्याख्येतून शिकवणं फार कठीण आहे.

आपल्याकडे हे नवं नाही. एकनाथांचं विंचवाचं भारूड म्हणजे शेवटपर्यंत निभावलेलं रूपकच: दंश काम-क्रोधाचा, वेदना तमोगुणाची आणि उतारा सत्त्वगुणाचा. बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मन सांगायला त्यांनी उभ्या पिकात शिरणारं ढोर घेतलं आणि कितीही हाकललं तरी ते परत पिकावर येतं, इथवर नेलं. ती पुढची पायरी नसती, तर उपमा साधीच राहिली असती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बायका शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. अलंकाराचं नाव ठाऊक नसलं तरी अलंकार साधतो, याला आणखी कोणता पुरावा हवा? नाव नंतर सांगावं. तेव्हा ते लक्षातही राहतं.

यावर पहिला आक्षेप यमकाचा. मुलं अर्थ सोडून यमकामागे धावतील, एसटीला जुळतं म्हणून कुठून तरी ‘वस्ती’ आणतील. आक्षेप खरा आहे. म्हणून पहिला खर्डा बिनयमकी लिहून घ्यावा, जुळवाजुळव शेवटी. दुसरी भीती सिनेमातल्या तयार चंद्र-चांदण्यांची. त्यावर उपाय एकच, उपमान मुलाने रोज पाहिलेलं असावं. शिक्षकांना गाता येत नसेल तर ओवीची, पाळण्याची किंवा भोंडल्याची चाल वर्गात कोणाला तरी येतेच.

उरतो वेळेचा आणि गुणांचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सगळेच अलंकार असे शिकवावेत, असं मी म्हणणार नाही. श्लेष आणि अर्थान्तरन्यास फळ्यावरच बरे. उपमा, रूपक आणि चेतनगुणोक्ती एवढ्यांसाठी दोन-तीन तास काढता येतात. गुण मात्र चालीला किंवा यमकाला देऊ नयेत. आपलं उपमान कुठल्या कडव्यात सुटलं आणि का, हे ज्याला स्वतःच्या वहीतल्या ओळीवर बोट ठेवून सांगता येईल, त्याला ते द्यावेत. गाणं फसलेलं असलं तरीही.