२१२ ग्रॅम लसूण

'आता बाजारातून लसूण आणायचा विसरा' असं सांगणारं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. पांढरी कुंडी, स्वच्छ नखं, मातीत खोचलेली एक पाकळी. पुढच्या क्षणाला हातात टपोऱ्या गड्ड्यांची जुडी. मधले साडेचार महिने कापलेले.

मी ते साडेचार महिने काढले. ऑक्टोबरात पुण्यातल्या आमच्या गॅलरीत, दोन फूट बाय एक फुटाच्या ग्रो बॅगेत १८ पाकळ्या लावल्या. टोक वर, अंतर १० सेंटिमीटर, सगळं नियमाप्रमाणे. तीन कुजल्या. समोरच्या टॉवरच्या कृपेने ऊन जेमतेम चार तास. डिसेंबरात पातीवर फुलकिडे आले. फेब्रुवारीत पात पिवळी पडायला लागल्यावर पाणी तोडलं, मार्चमध्ये उपटलं. १५ गड्डे, वाळवून वजन २१२ ग्रॅम. आमच्याकडे एवढा लसूण दोन आठवड्यांत फोडणीला जातो. बॅग, कोकोपीट, गांडूळखत आणि निंबोळी तेल मिळून ८५० रुपये गेले होते. म्हणजे किलोला ४,००० रुपये.

पैसे गेले त्याचं काही नाही, छंदाला पैसे लागतातच. माझं भांडण त्या रीलखालच्या सुराशी आहे. 'शेतकरी विष खाऊ घालतात', 'लुटतात नुसते', 'स्वतः पिकवा, सुटा'. पंधरा रोपांवरचे फुलकिडे आवरताना मी रडकुंडीला आलो होतो. रोज संध्याकाळी मीटिंग संपली की टॉर्च लावून एकेक पात उलगडायची. १५ बाय १० सेंटिमीटरवर लावला तर एका एकरात अडीच लाखांहून जास्त रोपं बसतात. तिथे कोण टॉर्च घेऊन बसणार? फवारणीच्या अतिरेकावर जरूर बोला, पण चार कुंड्यांच्या जोरावर नको.

आणि लूट? २०२४च्या सुरुवातीला किरकोळ बाजारात लसूण ४०० रुपयांवर गेला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हाहाकार होता. पण नवा माल फेब्रुवारी-मार्चला येतो. त्याआधी भाव चढतो तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांचा लसूण कधीच विकून झालेला असतो. उलट एकराला साधारण दोन क्विंटल बेणं लागतं आणि लसणाचं बेणं म्हणजे लसूणच. महागाईच्या वर्षी तेही महागच घ्यावं लागतं. त्याआधी दोनच वर्षं, २०२२मध्ये, मध्य प्रदेशात भाव इतका कोसळला होता की शेतकऱ्यांनी लसूण नदी-नाल्यात ओतला. तेव्हा आमचा ग्रुप शांत होता. मीही.

या रीलवाल्यांना परसबाग हा शब्द फार आवडतो. माझ्या आजीची परसबाग होती. मोरीच्या पाण्यावर अळू, कडेला कढीपत्ता, दोन मिरच्या, गवती चहा, शेवगा. यातलं सगळं लागेल तेव्हा मूठभर तोडायचं आणि ताजंच हवं असणारं. लसूण मात्र ती वर्षाचा एकदम विकत घ्यायची आणि जुड्या बांधून आढ्याला टांगायची. लसूण हे साठवणीचं पीक आहे, त्याला रान लागतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

(रीलमधले ते लिंबाएवढे गड्डे बऱ्याचदा डोंगरी जातीचे असतात. मोठा दिवस मिळाल्याशिवाय त्यांचा गड्डा भरत नाही, आपल्याकडे नुसती पात वाढते. आपल्याकडे चालणारी भीमा पर्पलसारखी जात राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने काढली आहे. राजगुरुनगर पुण्याहून फार लांब नाही, पण रीलला तिथे काय मिळणार?)

गॅलरीत खरंच जमतं ते पातीचं. पाकळ्या दाट खोचा, तीन-चार आठवड्यांत हिरवीगार पात कापायला येते. थंडीत बाजरीच्या भाकरीबरोबर तिची चटणी करून बघा. मेथीही सहज येते. मिरचीला मात्र ऊन हवं, आमच्याकडे ती रुसूनच बसली.

यंदा त्याच बॅगेत पातीचा लसूण लावलाय. गड्ड्यांचं आईने ठरवलंय: मार्चमध्ये नवा माल आला की वर्षाचा एकदम घ्यायचा आणि गॅलरीच्या दांडीला टांगायचा. ती घासाघीस करायला लागली, तर २१२ ग्रॅमचा हिशेब मी खिशात ठेवलाय.