तारा ओढण्याआधी विचारा

उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांमध्ये माळढोकाची गणना होते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोग्रॅमपर्यंत भरते. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर तो एके काळी हमखास दिसे. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्यही झाले. आज तेथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. साऱ्या जगात मिळून फार तर दीडशे माळढोक उरले असावेत. त्यांतील बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या परिसरात आहेत आणि तेथे त्यांचा मोठा शत्रू ठरल्या आहेत विजेच्या तारा.

एवढ्या मोठ्या पक्ष्याला तार दिसत नाही का? याचे उत्तर त्याच्या डोळ्यांच्या जागेत आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे आजूबाजूचे त्याला पुष्कळ दिसते, पण समोरचा पट्टा अरुंद असतो. त्याचा आफ्रिकेतील भाऊबंद कोरी माळढोक याच्या दृष्टीचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. उडताना खालची जमीन पाहण्यासाठी पक्ष्याने मान थोडी खाली केली, की समोरचे त्याला दिसतच नाही, असे त्यात आढळले. तार जवळ आल्यावर दिसली तरी एवढे जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. म्हणून एक पक्षी मेला तरी ते नुकसान लवकर भरून निघत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार, थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागात निरनिराळ्या जातींचे मिळून वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी तारांमुळे मरतात.

मग तारा जमिनीखालून का नेत नाहीत? कमी दाबाच्या तारा तशा नेता येतात. पण भूमिगत केबलमधील वाहक आणि भोवतालचे, जमिनीशी जोडलेले धातूचे वेष्टन यांत फार थोडे अंतर असते. त्यामुळे लांब केबल एखाद्या मोठ्या धारित्रासारखी, म्हणजे कपॅसिटरसारखी वागते. उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा बराच भाग ती भारित करण्यातच खर्ची पडतो. शिवाय उष्णता बाहेर पडणे कठीण आणि खर्च कितीतरी अधिक. या तारांतून येणारी वीज पुष्कळदा सूर्याची आणि वाऱ्याची असते. कोळशाचा धूर कमी व्हावा म्हणून ती आपल्याला हवीच आहे. तेव्हा एका बाजूला सज्जन आणि दुसऱ्या बाजूला दुर्जन असा हा सोपा वाद नाही.

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तो एम. के. रणजितसिंह आदींनी २०१९ साली केलेल्या याचिकेमुळे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तयार करण्यात रणजितसिंहांचा मोठा वाटा होता. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने तारा भूमिगत करण्याचा व्यापक आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्या समितीच्या शिफारशी मान्य करून नवे निर्देश दिले. या काळात माळावर खांब उभे राहतच होते.

माझे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न लोकांना फार उशिरा विचारला जातो. खरे तर विचारलाच जात नाही. मोठे धरण, खाण किंवा औष्णिक वीजकेंद्र उभारायचे तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि त्यासाठी सहसा जनसुनावणीही होते. वीजवाहिन्या मात्र त्या यादीत नाहीत. वाहिनी अभयारण्यातून किंवा वनजमिनीवरून जाणार असेल तर परवानगी लागते. पण माळढोक काही अभयारण्याची हद्द पाहून उडत नाही. तो गायरानावर, पडीक रानात आणि शेतातही उतरतो. जैसलमेरकडे ‘ओरण’ नावाची, देवाच्या नावाने राखलेली चराऊ राने आहेत; आपल्या देवरायांची ती वाळवंटातील भावंडेच. तेथे रोज गुरे नेणाऱ्या गुराख्याला पक्षी कोठे उतरतात हे ठाऊक असते. नकाशावर रेघ ओढणाऱ्या अभियंत्याला ते ठाऊक नसते. रेघ कागदावर असताना दोघांची गाठ पडली, तर ती चार किलोमीटर बाजूला सरकवणे तुलनेने सोपे. खांब उभे राहिल्यावर तेच काम कोर्टकचेरीचे होते.

मात्र लोकांचे मत म्हणजे हात वर करून केलेली मोजणी नव्हे. “आम्हांला माळढोक हवा” हे वाक्य चांगले असले तरी त्याने रेघ सरकत नाही. “तळ्याच्या पूर्वेला, पावसाळ्यात, सूर्यास्ताच्या सुमारास पक्षी या बाजूने येतात” हे वाक्य तिला हलवू शकते. ते निरीक्षण आहे, आणि निरीक्षण तपासून पाहता येते.

विद्यार्थी मित्रांनो, असे वाक्य तुम्हीही लिहू शकता. गावाजवळच्या तळ्यावरून किंवा माळावरून तारा जात असतील, तर शिक्षकांबरोबर लांबूनच महिनाभर नोंदी ठेवा. कोणते पक्षी, किती वाजता, कोणत्या दिशेने, तारांच्या वरून की खालून, हे वहीत लिहा. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, तुटलेल्या तारेजवळ तर मुळीच जाऊ नका. वनखात्याला आणि वीज कार्यालयाला कळवा. नवी वाहिनी येणार असे कानावर आले, तर ती वही ग्रामसभेत वाचा.

माळढोकाला अर्ज लिहिता येत नाही. त्याची वाट ज्याने पाहिली आहे त्यानेच तो लिहायचा, आणि तोही तारा ओढण्याआधी.