आले म्हणजे गेले

परदेशातील एखाद्या खेड्यात जाऊन काही महिने विनावेतन मराठी शिकवावे, अशी इच्छा आमच्या एम.ए.च्या वर्गातून अधूनमधून व्यक्त होते. खेडे, शाळा आणि मराठी या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील, तर बोट बहुधा मॉरिशसकडेच जाते. तयारी काय करावी असे विचारल्यास आम्ही एकच उत्तर देतो: आधी क्रिओल शिका. हे उत्तर विचारणाऱ्यास सहसा रुचत नाही. मराठी द्यायला निघालेल्याने क्रिओल कशासाठी घ्यावी?

1834 पासून करारबद्ध मजूर म्हणून जी माणसे त्या बेटावर उतरली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील कुटुंबेही होती. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 मध्ये जागतिक वारसास्थळ ठरला, तो या सर्वांच्या स्मरणार्थ. ऊसमळ्यांवरील वस्त्यांतून संध्याकाळी 'बैठका' भरत आणि दिवसभर राबलेली माणसेच तेथे मुलांना भारतीय भाषा शिकवीत. आज त्यांच्या वंशजांच्या घरांत प्रामुख्याने क्रिओल बोलली जाते. शाळेचे अधिकृत माध्यम इंग्रजी, फ्रेंच हा सक्तीचा विषय, आणि मराठी ही ऐच्छिक भाषांपैकी एक. 2012 पासून क्रिओलही त्या ऐच्छिक भाषांत आली. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला मराठी येते ती तिसरी किंवा चौथी भाषा म्हणून. तिला 'मातृभाषा' म्हणण्याचा आपला हट्ट तेथे पहिल्याच तासाला निरुपयोगी ठरतो. ती पूर्वजांची भाषा आहे.

आपले सारे भाषाशिक्षण मात्र विद्यार्थी मराठी घेऊनच वर्गात येतो, या गृहीतकावर उभे आहे. 'झाड' नपुंसकलिंगी आहे हे कोल्हापुरातील मुलाला कोणी शिकवत नाही. आपण फक्त त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीचे नाव सांगतो. क्रिओलमध्ये तो, ती, ते या तिन्हींसाठी 'ली' हे एकच सर्वनाम आहे. क्रियापद लिंगवचनानुसार बदलत नाही. काळ दाखवायला क्रियापदाआधी एक छोटा शब्द ठेवला की झाले. भूतकाळासाठी 'ती', चालू क्रियेसाठी 'पे', भविष्यासाठी 'पू'. या घरातून आलेल्या मुलापुढे आपण 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी भाकरी खाल्ली' ठेवतो. खाणारा तोच, खाणेही तेच, मग क्रियापद का बदलले? मराठीच्या किती पदवीधरांना याचे उत्तर लहान मुलाला समजेल असे देता येईल? आम्हांला शंका आहे.

क्रिओलमधील 'आले' या क्रियापदाचा अर्थ 'जाणे'. 'ली ती आले' म्हणजे तो गेला, किंवा ती गेली. हे ठाऊक नसलेला शिक्षक 'पाहुणे आले' हे वाक्य फळ्यावर लिहील आणि मुले पाहुण्यांना निरोप देऊन मोकळी होतील. हा मुलांचा मठ्ठपणा नव्हे.

येथे ताराबाई मोडकांची आठवण होते. मुंबईत शिकलेल्या ताराबाई भावनगरला गेल्या आणि गिजुभाई बधेकांसमवेत गुजराती मुलांत, गुजरातीतून काम करून बालशिक्षण शिकल्या. पुढे 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी जे उभे केले, त्यामागे ही परभाषेतील उमेदवारी होती. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, ही कुरणशाळेची कल्पना अशाच शिक्षकाला सुचते.

याउलट आमच्याकडील उत्साहाची पेटी ग्रंथांनी भरते. 'तिकडचे लोक मराठी विसरले' हा कळवळाही तिच्यात असतोच. हा सूर आम्हांला खटकतो. कोकणातली जाखडी 'झाकरी' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांना विसरण्याविषयी आपण काय सांगणार? मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्ययन-अध्यापन अनेक वर्षे चालू आहे, तेथील शिक्षक त्याच मातीतले आहेत. पाहुण्याने त्यांच्या हाताखाली राहावे, त्यांच्या पुढे उभे राहू नये.

सरावासाठी विमानाची गरज नाही. कोल्हापूरच्या आसपास वीटभट्ट्यांवर कन्नड बोलणारी मुले भेटतात. हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर घरी गोरमाटी बोलणारीही येतात. तेथे सहा आठवडे रोज एक तास बसावे. मुलांच्या चुका तारीख घालून वहीत उतरवाव्यात आणि प्रत्येक चुकीसमोर त्या मुलाच्या घरच्या भाषेतले वाक्य त्याच्याकडूनच विचारून लिहावे. शिफारसपत्र मागायला येणाऱ्याने ती वही सोबत आणावी.