बदामाखालची जागा

चाळीत होतो तेव्हा भांडण नळावरून व्हायचे. पहाटे साडेचारला हंडे रांगेत लागायचे, कुणाचा तरी हंडा कुणीतरी मागे सरकवायचे, आणि मग आठ-आठ दिवस दोन घरांचे बोलणे बंद. पुढे हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत खोली मिळाली, नळ घरात आला. आम्हांला वाटले, सुटलो. पण तेच भांडण आता चाकांवर बसून आले आहे.

वाचक भगिनी-बंधूंनो, गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांशी बिनसल्याची पत्रे हल्ली वरचेवर येतात. कुणाच्या मोटारसायकलची रोज हवा सोडली जाते, कुणी दुसऱ्याच्या दारापुढे दगड मांडून ठेवतो. आम्ही काही वकील नव्हे. पण आमच्याच घरात हे प्रकरण दीड वर्ष चालले, म्हणून जे घडले तेच सांगतो. त्यात आमच्या घरचीही एक चूक होती, तीही लपवत नाही.

विक्रोळीचे कन्नमवारनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर या वसाहती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आमची इमारत डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. चार मजले, मधे थोडे अंगण, पाण्याची टाकी, एक जंगली बदाम. आम्ही राहायला आलो तेव्हा सगळ्या इमारतीत मिळून एक स्कूटर होती. आज अंगणात चौदा गाड्या लागतात आणि जागा आहे नऊ गाड्यांची.

आमचा थोरला रिक्षा चालवतो. कर्जाची रिक्षा, हप्ते अजून चालू आहेत. ती बदामाखाली लागायची, कुणाची हरकत नव्हती. दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या काकांनी मुलासाठी जुनी मोटार घेतली. काकांशी आमचा वीस वर्षांचा शेजार. एके सकाळी बदामाखाली फुटकी कुंडी आणि सिमेंटची गोणी दिसली. आम्ही ती बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी कुंड्या दोन झाल्या. मग पांढऱ्या रंगाने चौकोन आखून त्यात काकांच्या खोलीचा नंबर लिहिला गेला, आणि शेवटी साखळी आली. विचारायला गेलो तर काका म्हणाले, "ही जागा मी खोलीबरोबर विकत घेतली आहे. आणि रिक्षा हे धंद्याचे वाहन आहे. ते स्टँडवर लावायचे, सोसायटीत नाही."

आम्ही गप्प बसलो. खरे सांगायचे तर आम्हांलाही तेव्हा वाटले, असेल तसा नियम. शिकलेला माणूस ठासून बोलला की आपल्याला अजूनही असे वाटते.

थोरल्याने रिक्षा फाटकाच्या कडेला लावायला सुरुवात केली. तरी महिन्यातून दोन-तीनदा चाकाची हवा गेलेली असायची. पहाटेच्या गाड्यांची गिऱ्हाइके हातची जायची. एकदा टपाचे रेक्झिन ब्लेडने वीतभर फाडलेले निघाले. हे कोणी केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले नाही, म्हणून आजही कुणाचे नाव घेणार नाही. पण धाकट्याचे रक्त तरुण. त्याने रात्री जाऊन काकांच्या मोटारीवर किल्लीने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा ओढला. दोन दिवस तो नीट जेवला नाही, तेव्हा सुनेने खोदून विचारले आणि मग सगळे बाहेर आले.

आमच्या मालकांनी त्याच्यावर हात उगारला नाही. "उद्या माझ्याबरोबर खाली चल," एवढेच म्हणाले. तिघे खाली गेलो. धाकट्याने कबूल केले, माफी मागितली. रंगाचे साडेतीन हजार झाले, ते आम्ही दिले आणि चिठ्ठीवर काकांची सही घेतली. शेजारच्या दोन बायका म्हणाल्या, कशाला कबूल झालात, कुणी पाहिले होते? पाहिले नव्हते, हे खरे. पण दुसऱ्याच्या वस्तूचे जाणूनबुजून नुकसान करणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या मराठीत त्याला आगळीक म्हणतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. पोरगा नोकरीसाठी अर्ज करत होता. उद्या पोलीस चौकशीच्या कागदावर ही नोंद आली असती तर साडेतीन हजारांत सुटलो नसतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी सात वाजता अंगणात तो प्रसंग घडला. थोरला रिक्षा पुसत होता. काका तावातावाने आले आणि दूधवाला, वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरचे शिंपीमामा अशा सगळ्यांसमोर ओरडले, "तुमच्या वस्तीत नेऊन लाव ही रिक्षा. इथे सभ्य लोक राहतात."

आता वाचकांनीच सांगावे, या वाक्यात काय आहे? जातीचे नाव नाही. तरी अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळले, 'तुमची वस्ती' म्हणजे कोणती. थोरला फडके टाकून घरात आला आणि म्हणाला, "आई, मी अॅट्रॉसिटी टाकतो." आमचेही हात थरथरत होते. आम्ही त्याला म्हणालो, आधी वही आण. तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द आणि कोण कोण हजर होते, हे तिथल्या तिथे लिहून काढले. शिंपीमामांना विचारले. ते म्हणाले, "ऐकले आहे, कुठेही सांगेन." हा माणूस आमच्या समाजाचा नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

मग न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि सर्व स्त्रियांना वकील फुकट मिळतो. आपल्यातल्या किती घरांना हे ठाऊक आहे? तिथल्या वकीलबाईंनी वही वाचली आणि आम्हांला चांगला तासभर दिला. त्यांनी सांगितलेले आमच्या शब्दांत असे.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्याला लागू आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, तेव्हापासून 'तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला कसली जात' असे म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत. जातीवरून मुद्दाम केलेला अपमान लोकांच्या देखत झालेला असावा लागतो. अंगण ही तशी जागा आहे आणि साक्षीदारही आहेत. पण २०२० साली उत्तराखंडातल्या जमिनीच्या भांडणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की समोरचा माणूस अनुसूचित जातीचा आहे एवढ्यावरून गुन्हा होत नाही, अपमान त्याच्या जातीमुळे केलेला असला पाहिजे. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी नसताना झालेले बोलणेही त्यात बसत नाही. "तुमचे वाक्य मला कळते," बाई म्हणाल्या, "पण न्यायालयात समोरचा वकील म्हणेल, वस्ती म्हणजे रिक्षावाल्यांची वस्ती. शिवाय तुमच्या मुलाचा ओरखडा तो पहिल्याच दिवशी काढेल. तक्रार देण्याचा हक्क तुमचा आहे, मी अडवणार नाही. जातीचा शब्द एकदा जरी आला तरी त्याच दिवशी या, मी स्वतः लिहून देईन."

घरी परतताना थोरला चिडलेला होता. "म्हणजे तो शहाणा म्हणून सुटला," तो म्हणाला. त्याचे खोटे नव्हते. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. गाडीच्या भांडणाला उगाच जातीचे लेबल लावले तर ज्या बाईला खरोखर अंगणात उभे करून शिव्या दिल्या जातात तिच्या तक्रारीचे वजन कमी होते, असे आम्हांला वाटते. पण जातीचा घाव गाडीच्या भांडणाखाली दडपून 'आपसात मिटवा' म्हणणारेही आम्ही पाहिले आहेत. आम्ही कोणत्या बाजूला होतो ते त्या रात्री कळले नाही. शेवटी ते वाक्य वहीत ठेवायचे, आणि जागेचे भांडण जागेच्या नियमाने लढायचे, असे ठरले.

नियमाचे पुस्तक आमच्याकडे होते, पण कधी उघडले नव्हते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पार्किंगची कलमे आहेत. सुनेने ती मोठ्याने वाचली. जागा सभासदाच्या मालकीची नसते. संस्था ती वापरायला देते, आणि सभासदाला ती विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. सहसा एका सभासदाला एकच जागा. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप. आणि पुढच्या एका कलमात ते वाक्य सापडले. स्कूटर, मोटारसायकल आणि ऑटोरिक्षा आवारात लावायची असेल तर समितीची परवानगी घ्यावी आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेले शुल्क भरावे. सून वाचता वाचता थांबली, तिने परत वाचले. ऑटोरिक्षा! छापील पुस्तकात नाव होते, आणि आम्ही दीड वर्ष फाटकाच्या कडेला उभे होतो.

(पुनर्विकासाच्या नव्या इमारतींत गेलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट. मुंबईतल्याच पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले, की मोकळी जागा आणि खांबांखालची जागा बिल्डरला सदनिकेपासून वेगळी काढून विकता येत नाही. पुढे नवे कायदे आले, तेव्हा पार्किंगसाठी कुणी पैसे मागितले तर आधी कागद वकिलाला दाखवा.)

समितीला अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेतली. महिनाभर उत्तर नाही. स्मरणपत्र दिले. त्यात एवढेच जोडले, की उत्तर न आल्यास उपनिबंधकांकडे जाऊ. चार दिवसांत चिटणीस चहाला आले.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय निघाला. काका बरेच बोलले. आमच्या मालकांनी उभे राहून फक्त कलम वाचले आणि खाली बसले. नऊ जागांपैकी एक रिक्षेसाठी धरून चौदा गाड्यांच्या चिठ्ठ्या काढा, अशी सवलत आम्ही मागितली नाही. सगळ्यांबरोबर आमचीही चिठ्ठी डब्यात जाऊ द्या, म्हटले. वॉचमनच्या मुलीने चिठ्ठ्या काढल्या. आमची सातवी निघाली, पाण्याच्या टाकीजवळची जागा. जराशी ओल असते, पण आत आहे. काकांची चिठ्ठी निघालीच नाही. बदामाखाली आता चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची स्कूटर लागते.

काकांची मोटार बाहेर रस्त्यावर असते. तिथेही त्यांनी कुंड्या मांडून पाहिल्या, पण रस्ता महापालिकेचा, एके दिवशी गाडी येऊन कुंड्या उचलून घेऊन गेली. ती तक्रार आम्ही केली नव्हती. काकांना ते पटत नाही.

बोलणे अजून बंद आहे. काकू मात्र विरजण संपले की सुनेकडून वाटी भरून नेतात, काका घरात नसताना. हवा जाणे थांबले. टपाला थोरल्याने नवे रेक्झिन घातले, निळे. येत्या सप्टेंबरात पुन्हा चिठ्ठ्या निघतील. कदाचित या खेपेला आमची रिक्षा बाहेर असेल आणि काकांची मोटार आत. थोरल्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "चालेल, चिठ्ठीने गेली तर चालेल."

वही कपाटात आहे. त्या पानापुढे अजून काही लिहावे लागलेले नाही.