छेद एक की पाच? बेरजेत न बसणारा हिशेब

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांच्या जाहिरातींत ‘फक्त एक छेद’ हे शब्द आता ठळक अक्षरांत झळकतात. दुर्बिणीच्या रूढ पद्धतीत पोटावर चार ते सहा छिद्रे पाडावी लागतात. त्यांच्याऐवजी बेंबीच्या घडीत सुमारे तीन सेंटिमीटरचा एकच छेद घेतला की व्रण जवळजवळ दिसेनासा होतो. एक हा आकडा पाचापेक्षा लहान, म्हणून इजाही लहान, असे मन सहज मानून टाकते. गफलत होते ती इथेच.

छेद नुसत्या बेरजेने मोजता येत नाहीत, हे अमेरिकेतील बालशल्यविशारद थेन ब्लिनमन यांनी २०१० मध्ये एका साध्या भौतिक प्रतिमानातून दाखवले. छेदाच्या कडांवर येणारा एकूण ताण त्याच्या लांबीच्या नव्हे, तर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, रूढ पद्धतीत १५, १२, ५, ५ आणि ५ मिलिमीटरची छिद्रे आहेत. लांबींची बेरीज ४२, वर्गांची बेरीज ४४४. एकच छेद ३० मिलिमीटरचा असेल, तर लांबी कमी. पण वर्ग ९००, म्हणजे दुपटीहून अधिक. पोटाची भिंत आदर्श स्थितिस्थापक पडदा नसते, टाक्यांची रीत आणि स्नायूंची जाडी यांनी हिशेब बदलतो, हे खरे. तरीही प्रतिमानाने दाखवलेली दिशा दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्यातच बेंबी ही पोटाच्या भिंतीतील मुळातच दुबळी जागा, आणि स्थूल व्यक्तीच्या पोटातील दाब नेहमीच थोडा चढा.

दुसरी अडचण भूमितीची. दोन हत्यारे परस्परांशी कोन करून लक्ष्यापाशी भेटली, तरच ऊती नीट ताणता, धरता आणि शिवता येते. एकाच दारातून दुर्बीण व हत्यारे शिरली की ती समांतर होतात आणि मुठी एकमेकींवर आदळतात. पित्ताशयासाठी हे एक वेळ निभावते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत मात्र जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग स्टेपलरने कापून वेगळा करायचा असतो, तोही अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत जाऊन. स्थूल शरीरात बेंबी खाली सरकलेली, यकृत चरबीने फुगून वाटेत आलेले. स्टेपलची रेघ गळणे हीच या शस्त्रक्रियेतील सर्वांत धास्तीची गुंतागुंत. त्या रेघेच्या वरच्या टोकाशी हाताला मोकळीक हवी असते, आणि एक-छेद पद्धत नेमकी तिथेच ती आखडते. म्हणूनच दोन-तीन छिद्रांचा मधला मार्ग काही शल्यचिकित्सकांना अधिक समंजस वाटतो.

पुरावा काय सांगतो? मुंबईतील मुफझल लकडावाला व सहकाऱ्यांनी ६०० रुग्णांची दोन वर्षांची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. वजनातील घट दोन्ही पद्धतींत सारखीच आढळली. अर्थात ती तशी असणारच! जठर किती उरले यावर वजन ठरते, आत शिरण्याच्या दारांवर नव्हे. कुशल हातांत एक-छेद पद्धत साध्य आहे, एवढे त्यातून निश्चित होते. पण हर्नियाला उगवायला दोन वर्षांहून अधिक वेळ लागू शकतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवरील २०० रुग्णांच्या एका यादृच्छिक चाचणीत (२०१३) वर्षभरातच हर्नियाचे प्रमाण एक-छेद गटात ८.४ टक्के, तर चार छिद्रांच्या गटात १.२ टक्के निघाले. त्याच चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्ण एक-छेद पद्धतीसाठी जादा पैसे मोजायला तयार होते. व्रण आरशात दिसतो, हर्नियाची शक्यता दिसत नाही.

व्रण लपवण्याची इच्छा क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. स्थूलतेपायी वर्षानुवर्षे टोमणे सोसलेल्या माणसाला नव्या शरीरावर खुणा नको वाटणे स्वाभाविक आहे. मात्र संमतिपत्रावर सही घेताना त्या रुग्णालयाचे स्वतःचे हर्नियाचे आणि गळतीचे आकडे समोर ठेवले गेले पाहिजेत. परदेशी शोधनिबंधांतील आकडे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

छिद्रांच्या संख्येवर इतकी शाई खर्च होत असताना, कोणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा उचलतो हा प्रश्न बाजूलाच राहतो. आशियाई शरीरात कमी वजनावरही मधुमेह जडतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासून पुढील बीएमआयला शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचवले. भारतातील विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत मात्र ही रेषा ४०, आणि गंभीर सहव्याधी असल्यास ३५ अशी आखलेली आहे. बीएमआय ३३ आणि आटोक्यात न येणारा मधुमेह असलेली व्यक्ती या रेषेबाहेर राहते. तिला एक छेद काय अन् पाच काय, सारा खर्च पदरचाच.