खोबरेल आधी खाली ठेवा

गोव्यातून कितीतरी माणसं नैरोबी, कंपाला, झांजीबारला नोकरीला गेली. तुमच्या घरातलं कुणी त्यांत असेल आणि माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली कातड्याची ढाल निघाली, तर हात आधी ओल्या फडक्याकडे जाईल. मग खोबरेलाच्या बाटलीकडे. दोन्ही खाली ठेवा.

ढाल आपल्याकडचीच नाही ना, ते आधी बघा. आपली गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची ढाल गोल असते. पुढून बहुधा धातूच्या चार फुल्या दिसतात, त्यांच्या मागे मुठीच्या कड्या अडकवलेल्या असतात. इथिओपियाची ढालही गोलच, पण मध्ये टोपीसारखी वर आलेली. बड्या माणसाची असेल तर वर मखमल आणि चांदी-पितळेच्या पट्ट्या.

केनिया-टांझानियातल्या मासाईंची ढाल लांबट, रानरेड्याच्या जाड कातड्याची. तिच्यावर तांबडी, पांढरी, काळी नक्षी रंगवलेली असते.

दक्षिणेकडची झुलू ढाल गाईच्या कातड्याची, केसांसकट. मधोमध चिरांच्या दोन उभ्या ओळी आणि त्यांतून वेगळ्या रंगाच्या वाद्या ओवलेल्या. मागे उभी काठी. राजाच्या फौजेत कातड्याच्या रंगावरून पलटण ओळखू येई. १८७९ साली इंग्रजांशी युद्ध झालं तेव्हा मोठ्या ढालीच्या जोडीला लहान, हलकी ढालही वापरात होती. पुढे प्रवाशांना विकायलाही लहान ढाली बनल्या. त्यामुळे नुसत्या आकारावर जाऊ नका.

ढाल पालथी करा. वापरातली काठी मुठीच्या जागी घामानं काळपट, गुळगुळीत झालेली असते. वर-खाली मात्र कोरडी. सगळी काठी सारखीच काळी दिसली, तर कुणीतरी पॉलिश फिरवलंय अशी शंका घ्या.

आता डागडुजी. हे कातडं चपलेच्या कातड्यासारखं कमावलेलं नसतं. बहुधा कच्चंच ताणून वाळवलेलं असतं. पाणी लागलं की मऊ पडतं आणि वाळताना वेडंवाकडं आक्रसतं. मासाई ढालीची नक्षी तर फडक्यावरच उतरायची. तेलानं काही साधत नाही. माझ्याच हातून एका ढालीच्या काठाला खोबरेल लागलं. पाच पावसाळे गेले, बोट अजून चिकटतं.

हातमोजे घाला. पूर्वी संग्रहातल्या कातड्यांना किडीसाठी सोमल लावत, म्हणून लहान मुलांना लांब ठेवा. पुढून-मागून फोटो काढा. मागे चिकटवलेली चिठ्ठी असेल तर ती राहू द्या. मग कोरडा, मऊ ब्रश केसांच्या दिशेनं हळूच फिरवा. एवढी सफाई पुरे.

खाली बारीक भुसा, गळलेले केस, केसाळ अळ्यांच्या काती दिसल्या तर कसर लागली आहे. ढाल त्याच दिवशी प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करा आणि घरातल्या लोकरी कपड्यांपासून दूर ठेवा. उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली की कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर ढालीवर दव धरेल. रंगवलेली किंवा मखमलीची ढाल मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय फ्रीझरमध्ये घालू नका.

भिंतीवर लावायची तर मुठीला दोरी बांधू नका, खालून आधार द्या. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत नको, उन्हाची खिडकीही नको.

कातडं गेंड्याचं किंवा हत्तीचं वाटलं, तर विकण्याआधी वनखात्याला विचारा. नाहीतर पणजोबांच्या वस्तूपायी तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल.

चीर गेली असेल तर फेव्हिकॉल नको, दाबून सपाट करणंही नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारा. आणि जुनी, ओबडधोबड शिवण दिसली तर ती उसवू नका. ती ढाल धरणाऱ्यानंच घातलेली असू शकते.