भांडण फुकट, समेटाला तिकीट

दोन भाऊ भांडले, वेगळे झाले, सोळा वर्षांनी एका स्टेजवर आले आणि जगभरची माणसं म्हणे ढसाढसा रडली. मी नाही रडलो. मी जळगावचा. भाऊबंदकी बघायला आम्हाला पौंड मोजावे लागत नाहीत, शेताच्या बांधावर जाऊन उभं राहिलं तरी पुरतं.

28 ऑगस्ट 2009ला पॅरिसमध्ये, कार्यक्रमाच्या तोंडावर, पडद्यामागे लियाम आणि नोएल गॅलाघरची जुंपली. गिटार फुटली, त्यांचा इंग्लिश रॉक बँड ओएसिस फुटला. 27 ऑगस्ट 2024ला समेट जाहीर झाला. चौथ्या दिवशी तिकीटविक्री, आणि दीडशे पौंडांच्या आसपासचं तिकीट लोक रांगेत असतानाच साडेतीनशेच्या वर गेलं. आमच्या रावेरकडे केळीचा भावही घड कापल्यावर बदलतो, पण तो खाली.

4 जुलै 2025ला कार्डिफला हे दोघे हातात हात घालून आले. दुसऱ्याच दिवशी वरळीला ठाकरे बंधू आले, तेही जवळजवळ वीस वर्षांनी. तिथे निदान तिकीट नव्हतं. तिकिटं नंतर वाटायची होती.

यांच्यापेक्षा जेन्स अ‍ॅडिक्शन या अमेरिकन बँडवाले बरे. मूळ चौघे जमले, दौरा निघाला, आणि 13 सप्टेंबर 2024ला बॉस्टनला भर कार्यक्रमात गायक पेरी फॅरल गिटारवाल्या डेव्ह नवारोच्या अंगावर धावून गेला, ठोसा मारला. पुढचा दौरा गुंडाळला. पोटात होतं ते ओठावर आलं, लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. यात कसली फसवणूक?

माझा राग वेगळाच आहे, आणि तो ढोलवाल्याचा आहे. ओएसिसच्या पहिल्या अल्बमला ज्याने ड्रम वाजवले त्या टोनी मॅकॅरोलला 1995मध्ये नारळ दिला. तो कोर्टात गेला, 1999मध्ये साडेपाच लाख पौंडांवर मिटलं. समेटाच्या दौऱ्यात ड्रमवर बसला जोई वॉरॉन्कर, पार अमेरिकेचा. 2016मध्ये गन्स एन् रोझेस या बँडचं जुळलं, तेव्हा जुना गिटारवाला इझी स्ट्रॅडलिन आलाच नाही. कमाई सारखी वाटायची बाकीच्यांची तयारी नव्हती, असं त्यानेच सांगितलं. रडणाऱ्यांपैकी किती जणांनी हिशेब विचारला?

आमच्याकडे धुळ्याच्या बाजूचा एक लग्नाचा बँड असाच फुटला. दोन सख्खे भाऊ. एकाकडे गाडी, स्पीकर आणि जनरेटर. दुसऱ्याकडे गायक, क्लॅरिनेट आणि सोनेरी झालरीचे लाल कोट. दोघांच्याही पाटीवर तेच नाव, एकाच्या पुढे ‘ओरिजिनल’, दुसऱ्याच्या पुढे ‘जुने व प्रसिद्ध’. सहा वर्षं एकमेकांच्या सुपाऱ्या पाडल्या. मग गाडीचे हप्ते थकले, लाल कोटांना कोणी विचारेना, आणि रक्ताची ओढ एकदम दाटून आली. मे महिन्यातल्या एका लग्नात दोघे पुन्हा एकत्र वाजवणार, असा गाजावाजा झाला. इसार दुप्पट. मुलाच्या बापाने तोही दिला.

मी त्या वरातीत होतो. ऊन पंचेचाळीसला टेकलेलं, नवरदेव घोड्यावर, मारुतीला निघालेला. गाडीवर थोरल्याने की-बोर्डवर एक गाणं काढलं, खाली धाकट्याच्या गायकाने माईकवर दुसरंच. थोरला ओरडला, ‘गाडी मनी शे!’ धाकट्याने माईक पायाशी टाकला, ‘मंग तूच वाजाड!’ स्पीकर किंचाळला. थोरल्याने जनरेटर बंद केला. घोड्याचा मालक तासाचे पैसे वाढवून मागू लागला. नवरदेवाच्या मुंडावळ्या घामाने गालाला चिकटल्या होत्या, आणि मामा लोक दोघा भावांच्या गळ्यात गळा घालून दोघांनाही शिव्या देत होते.

शेवटी ढोलवाल्याने काठी मारली. साठीचा माणूस, फुटीत कोणीच न घेतलेला, त्या दिवसापुरता रोजावर बोलावलेला. ना सूर, ना माईक, नुसता ढोल. पोरं नाचायला लागली आणि वरात हलली. भाऊ मागून रुसल्यासारखे चालत आले.

रात्री मंडपामागे, गाडीच्या फळीवर हिशेब झाला. दुप्पट इसाराचे दोन सारखे भाग पडले. त्या वाटणीत मात्र तंटा नाही, नोटांवर नोटा, अगदी तालात. ढोलवाला बाजूला उभा होता. त्याला रोज मिळाला, त्यातून कोटाच्या धुलाईचे पन्नास रुपये कापून. कोट त्याच्या अंगात दिवसभर नव्हताच, मापाचा सापडला नव्हता म्हणून. त्याने तसं सांगितलंही. दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, ‘पुढच्या वेळी बघू.’